कीड दिसली की लगेच औषध? थांबा, आधी सांगलीच्या उसाची गोष्ट वाचा

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं. वांग्याची पानं आक्रसतात. कारल्याचं कोवळं फळ पिवळं पडून गळतं. आपण काय करतो? फोटो काढतो, कुठल्या तरी ग्रुपवर टाकतो, आणि तासाभरात वीस उपाय येतात. कोणी म्हणतं व्हिनेगर मारा, कोणी म्हणतं तंबाखूचं पाणी, कोणी थेट कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीचं नाव सांगतं. बाटली येते, घरातल्याच मगमध्ये औषध कालवलं जातं, आणि दोन दिवसांनी त्याच झाडाची भेंडी भाजीत पडते.

शेतात फवारणी करणाऱ्यालाही हे विष माफ करत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मग चार कुंड्यांच्या बागेत, जिथे लेकरं मातीत हात घालतात, तिथे हे औषध लागतंच का?

बहुतेक वेळा लागत नाही. ते का, हे समजून घ्यायचं तर वीसेक वर्षं मागे, सांगलीच्या उसाच्या फडात जावं लागेल.

२००२ : उसावर पांढरी लोकर

२००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली लोकरीसारखा पांढरा थर दिसू लागला. हा होता पांढरा लोकरी मावा. शास्त्रीय नाव सेराटोवॅकुना लॅनिजेरा. ही कीड ईशान्य भारतात आणि बंगालकडे आधीपासून माहीत होती, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती नवी होती. बघता बघता ती सातारा, कोल्हापूर, पुणे असं करत उत्तर कर्नाटकातही पोचली.

मावा पानातला रस शोषतो आणि अंगातून मधासारखा चिकट द्रव टाकतो. तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखं होतं. अशा पानाला ऊन नीट मिळत नाही, त्यामुळे अन्न तयार होत नाही. उसाचं वजनही घटतं आणि साखरेचा उताराही.

लोकांनी साहजिकच पंप उचलले. पण डोक्याच्या वर गेलेल्या, दाट फडात आत शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणार कसं? शिवाय ज्यांनी फवारलं, त्यांच्या फडात माव्याबरोबर आणखी कोणीतरी मरत होतं.

ते कोण होतं? एक होती डिफा ॲफिडिव्होरा नावाच्या पतंगाची अळी. ती माव्याच्या वसाहतीतच राहते आणि मावा खाऊनच मोठी होते. दुसरा होता मायक्रोमस इगोरोटस, नाजूक तपकिरी पंखांचा कीटक. त्याच्या अळीचंही खाद्य मावाच. शास्त्रज्ञांनी पाहिलं की जिथे यांची संख्या वाढते, तिथे मावा बसतो. मग शिफारस आली की हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडा, आणि जिथे हे मित्रकीटक दिसतील तिथे रासायनिक फवारणी करू नका. शेडनेटमध्ये ऊस लावून, त्यावर मावा वाढवून हे मित्रकीटक तयार केले गेले. पुढे ईशान्येकडून एनकार्सिया नावाची बारीक गांधीलमाशीही आणून सोडण्यात आली. ती माव्याच्या शरीरात अंडी घालते.

काही वर्षांत हा मावा आटोक्यात आला. तो नाहीसा झालेला नाही, अधूनमधून दिसतो, पण २००२-०३ सारखी दहशत आता राहिली नाही.

यातून कुंडीवाल्याने काय घ्यायचं?

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते. हवा मानवली तर ते पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. म्हणून मावा आधी वाढतो आणि त्याला खाणारे मागून येतात. मधले आठ-पंधरा दिवस आपल्याला वाटतं की झाड गेलं. नेमके त्याच वेळी आपण औषध मारतो.

औषधाने दोघेही मरतात. पण थोडा मावा पानाच्या मुडपात वाचतोच, आणि त्याला खाणारं आता कोणी उरलेलं नसतं. पंधरा दिवसांत तो आधीपेक्षा जोरात येतो. आपण म्हणतो औषध नकली होतं आणि त्याहून कडक आणतो.

म्हणून पहिला नियम असा: फवारणीआधी पानाची मागची बाजू बघा. नुसता मावा आहे, की माव्यासोबत त्याला खाणाराही आहे?

मित्र ओळखा, कारण ते दिसायला शत्रूसारखे असतात

ढालकिडा (लेडीबर्ड भुंगेरा). लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबट, काटेरी आणि अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली. बघितल्यावर कोणीही चिरडून टाकेल, आणि मावा फस्त करण्यात तीच पुढे असते.

क्रायसोपा. हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. त्याची अंडी केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला असतात. पानावर असे उभे केस दिसले तर पुसू नका.

सिरफिड माशी. मधमाशीसारखे पट्टे, पण हवेत एका जागी थांबून उडते. तिची पाय नसलेली हिरवट अळी माव्यात फिरून मावा खाते.

क्रिप्टोलिमस. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो. द्राक्षातल्या पिठ्या ढेकणासाठी तो बागेत सोडण्याची शिफारस आहे, त्यामुळे तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदारांना हे नाव नवं नाही. गंमत म्हणजे याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच पांढरी आणि झिपरी असते. फरक इतकाच की ती आकाराने मोठी असते आणि हात लावला की पटापट चालू लागते. पिठ्या ढेकूण सुस्त असतो.

फुगलेला, तपकिरी, कडक मावा. माव्याच्या घोळक्यात असे मणी दिसले तर समजा की त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढतेय. ते पान तोडू नका.

याशिवाय जाळं विणणारा कोळी, सरडा, बेडूक, चिमणी आणि दयाळ हे बिनपगारी कामगार आहेतच. (आणि हो, पिकावरची 'लाल कोळी' ही कीड वेगळी. जाळं विणणाऱ्या कोळ्याशी तिची गल्लत करू नका.)

कोणत्या किडीला काय करायचं?

मावा. पहिला उपाय म्हणजे नळीने पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानाच्या खालून. खाली पडलेला बहुतेक मावा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीनदा करा. आणि मुंग्या बघा. माव्याचा गोड द्रव मिळतो म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली तर मुंग्यांची वाट बंद होते. ताटलीतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील.

पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असेल तर तो शेंडा कापून पिशवीत बांधून टाका. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून नुसतं निंबोळीचं पाणी घसरून जातं, त्यात साबण हवाच. पपई आणि जास्वंदीवर येणारा पपईचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये पहिल्यांदा दिसला. त्यालाही आवरलं ते २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून मागवलेल्या ॲसेरोफॅगस पपाये नावाच्या बारीक गांधीलमाशीने.

पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे. पांढरी माशी, तुडतुडे आणि पंख असलेला मावा पिवळ्या चिकट कार्डांवर येतात, फुलकिडे निळ्यावर. घरी करायचं तर पिवळ्या पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळून एरंडेल लावा आणि झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा. कार्डावर मित्रकीटक जास्त सापडू लागले तर ते काढून ठेवा.

लाल कोळी. मार्च ते मे, कोरडी आणि धुळीची हवा ही याची हक्काची वेळ. पानावर बारीक पांढरे ठिपके पडतात, नंतर जाळी दिसते. पानांच्या खालून रोज सकाळी पाणी मारणं हाच मोठा उपाय, कारण धूळ आणि कोरडेपणा गेला की याची वाढ मंदावते.

लिंबू-कढीपत्त्यावरची अळी. लहानपणी ही पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवीगार. ती लिंबू फुलपाखराची अळी. मोठं झाड असेल तर पाच-सहा अळ्यांनी काही बिघडत नाही. छोटं रोप असेल तर हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडा.

फळमाशी. कारली, दोडका, काकडी यांच्या कोवळ्या फळाला डंख करून ती आत अंडी घालते. इथे फवारणीचा उपयोगच नाही, कारण अळी फळाच्या आत असते. वेलभाज्यांना क्यू-ल्यूरचा आणि आंब्याला मिथाईल युजेनॉलचा कामगंध सापळा लावा. त्यात नर अडकतात. कोवळ्या फळाला कागदी पिशवी घाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गळलेलं, किडकं फळ वेलाखाली सोडू नका आणि कंपोस्टमध्येही टाकू नका. त्यातली अळी मातीत जाऊन कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच निघते. अशी फळं बंद प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवा.

शंखी गोगलगाय. महाबळेश्वर, पाटणसारख्या जास्त पावसाच्या भागात आणि जिथे सतत ओल असते तिथे ही येते. संध्याकाळी ओलं गोणपाट बागेत पसरून ठेवा. सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या मिळतील. हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट मातीवर टाकू नका, ती जागाच नापीक होईल.

हुमणी. ऊस, भुईमुगाची मुळं खाणारी ही अळी सातारा-सांगलीला चांगली माहीत आहे. वळवाचे पहिले पाऊस झाले की मे-जूनमध्ये हिचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवून, भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एक मादी मारली की पुढच्या कितीतरी अळ्या टळतात. पण एकट्याने करून फारसा फरक पडत नाही, कारण शेजारच्या शिवारातले भुंगेरे येतच राहतात. म्हणून हे काम सगळ्या वस्तीने एकाच आठवड्यात करायचं असतं. जमिनीतल्या अळीसाठी मेटारायझियम ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देतात.

घरी करता येतील अशी दोनच औषधं

१. साबणाचं पाणी. १ लिटर पाण्यात ५ मिली सौम्य द्रव साबण. कपड्याची पावडर किंवा डिटर्जंट नको, त्याने पानं करपतात. साबण किड्याच्या अंगावर थेट पडला तरच काम करतो. वाळल्यावर त्याचा काही परिणाम राहत नाही, म्हणून पान खालून-वरून पूर्ण भिजवा. अर्ध्या-एक तासाने साध्या पाण्याने धुवा.

२. निंबोळी अर्क, ५ टक्के. शेतासाठीचं माप ५ किलो निंबोळीला १०० लिटर पाणी. कुंड्यांसाठी तेच माप ५० ग्रॅमला १ लिटर होतं. पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचा, गर काढून सावलीत वाळवा. लागतील तेव्हा ५० ग्रॅम कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी १ लिटर करा आणि २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. संध्याकाळी फवारा, कारण यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. अर्क त्याच दिवशी वापरा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. निंबोळीने किडे टपाटप मरून पडत नाहीत. ते खाणं कमी करतात, त्यांची कात नीट टाकली जात नाही आणि पुढची पिढी घटते. दुसऱ्या दिवशी किडा जिवंत दिसला म्हणून अर्क फेल गेला असं नाही. सात-आठ दिवसांनी पुन्हा फवारा आणि मग ठरवा. बाजारातलं तयार निंबोळी औषध घेतलं तर बाटलीवरचा पीपीएमचा आकडा बघा. मात्रा त्यावर ठरते, म्हणून लेबलावर लिहिली असेल तेवढीच घ्या.

दोन्ही औषधं आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. फुलांवर मधमाश्या असताना मारू नका. आणि लक्षात ठेवा, थेट अंगावर पडलं तर साबण ढालकिड्याच्या अळीलाही सोडत नाही. म्हणून सगळी बाग नाही, फक्त कीड असलेला शेंडा फवारा.

रीलमधले हे उपाय टाळा

तंबाखूचं पाणी. 'नैसर्गिक' आहे, पण निकोटिन हे जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो.

व्हिनेगर आणि मीठ. व्हिनेगर पान जाळतं, मीठ माती बिघडवतं. तण मारायला ठीक, झाड वाचवायला नाही.

धोतरा-कण्हेर घातलेले अर्क. दशपर्णीसारख्या अर्कात अशा विषारी वनस्पतीही घालतात. शेतात त्यांचा उपयोग आहे, पण घरात लहान मूल असेल तर स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ते उकळू नका आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात भरून ठेवू नका.

झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण चुकीचं आहे.

कधी हार मानायची?

भेंडीची पानं शिरांशिरांनी पिवळी पडली किंवा पपईचं पान आक्रसून त्यावर चट्टे आले, तर तो विषाणू असू शकतो. त्यावर ना निंबोळी चालते, ना दुकानातली बाटली. भेंडीतला विषाणू पांढरी माशी पसरवते, पपईतला मावा. असं झाड उपटून बागेबाहेर न्या, म्हणजे बाकीची वाचतील.

आणि कधी रासायनिक औषध घ्यायचीच वेळ आली, तर बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळ्या त्रिकोणाची बाटली परसबागेत आणण्याचं काहीच कारण नाही. ते औषध त्या भाजीसाठी शिफारस केलेलं आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हेही लेबलावर असतं. ते दिवस पाळा.

वर्षभराचं साधं वेळापत्रक

मार्च ते मे : पानांखालून पाणी मारणं, लाल कोळी आणि पिठ्या ढेकणावर लक्ष.
मे-जून : हुमणीचे भुंगेरे गोळा करणं. वर्षभराच्या निंबोळ्या वेचून वाळवणं.
जून ते सप्टेंबर : गोगलगायीसाठी गोणपाट, वेलभाज्यांना कामगंध सापळे.
ऑक्टोबर ते फेब्रुवारी : मावा आणि तुडतुडे. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावा. फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते आणि झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींनाही कमी करतात. कोथिंबीर, बडीशेप, मोहरीची दोन-चार रोपं फुलोऱ्यावर जाऊ द्या. सिरफिड माशी आणि बारीक गांधीलमाश्यांना तिथे मध आणि पराग मिळतो, मग त्या तुमच्याच बागेत मुक्काम करतात.

आता जाऊन त्या जास्वंदीचा शेंडा उलटा करून बघा. पांढऱ्या कापसात एखादी पांढरी अळी पटापट चालताना दिसली, तर पंप खाली ठेवा. तुमचं काम तिने आधीच सुरू केलेलं आहे.